सगळे पॉइंट ताकदीतच का जातात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा सोलापूरचाच, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मे १९३० च्या सोलापुरात घडणारा रोल-प्लेइंग गेम (एक पात्र घडवून त्याची गोष्ट खेळायची, असा) तो बनवतोय. मार्शल लॉ लागण्याच्या आधीचे दिवस, आणि एक गिरणी कामगाराचा पोरगा गल्लीबोळांतून चिठ्ठ्या पोहोचवतोय. पात्र बनवताना बारा गुण समोर येतात: ताकद, चपळाई, सहनशक्ती, बुद्धी, शहाणपण, वक्तृत्व, नशीब, धैर्य, नजर, कान, श्रद्धा, देखणेपणा. वाटायला १० पॉइंट. नऊ मित्रांना खेळायला दिला, तर आठ जणांनी दहाच्या दहा ताकदीत टाकले. एकाने तर विचारलं म्हणे, ‘काय बे, बाकीचे कशाला ठेवलेत?’ आता प्रश्न असा की, दादा, हे बॅलन्स कसं करू?

तुझ्या मित्रांवर चिडू नकोस. त्यांनी तुझं गणित बरोबर सोडवलंय. तू पाठवलेलं सूत्र बघ. मूळ फटका १०, ताकदीच्या दर पॉइंटला त्यात २ ची भर. फटका लागण्याची शक्यता मुळात ७० टक्के, चपळाईच्या दर पॉइंटला ३ टक्के जास्त. दहाही पॉइंट ताकदीत टाकले तर फटका ३० चा, दहातले सात लागणार, म्हणजे सरासरी २१. पाच-पाच वाटले तर फटका २० चा, लागण्याची शक्यता ८५ टक्के, सरासरी १७. सगळे चपळाईत टाकले तर एकही फटका चुकत नाही, पण तो असतो फक्त १० चा. तुझ्या गेममध्ये ‘सगळं ताकदीत’ हेच बरोबर उत्तर आहे. ज्या नवव्या मित्राने वाटून टाकले, तो बिचारा प्रामाणिकपणे खेळला आणि हरला.

आता तू म्हणशील, मग आकडे बदलतो. बदल. मूळ शक्यता ५० टक्के कर आणि चपळाईच्या पॉइंटला ५ टक्के दे. सगळं ताकदीत टाकलं तर सरासरी १५, पाच-पाच वाटलं तरी १५, आणि सात-तीन वाटलं तर १५.६. झालं की बॅलन्स! वाटून टाकणारा जिंकला. फक्त सहा दशांशाने, आणि ते सहा दशांश खेळणाऱ्याला सात जन्मांत जाणवणार नाहीत. बहुतेक नवे डिझायनर इथेच अडकतात. सूत्राच्या शेपटीला लागून महिना घालवतात, आणि गेम होता तिथेच राहतो. मीही घालवलाय, एक नाही, चांगले तीन.

खरी गोम तुझ्या दुसऱ्या फाइलमध्ये आहे. त्यात तू गेममधल्या अशा सगळ्या जागा लिहिल्यास जिथे कुठला तरी गुण तपासला जातो. मी मोजल्या. एकूण ४०, त्यातल्या ३१ हाणामारीच्या. अरे, पोरगा चिठ्ठी पोहोचवतोय ना? मग तो ३१ वेळा मारामारी का करतोय? उरलेल्या नऊ जागांत बाकीचे गुण कोंबलेत. श्रद्धा फक्त एकदा लागते, सिद्धेश्वराच्या देवळात. देखणेपणा तर कुठेच लागत नाही. मग तो पडद्यावर आहे कशासाठी? बाकीच्या गेममध्ये असतो म्हणून?

माझं म्हणणं एवढंच आहे की गुण आधी ठरवायचे नसतात. आधी गेम खेळणाऱ्याला काय काय विचारणार, कुठे अडवणार, ते लिहायचं. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांना नाव दिलं की त्याचा गुण होतो. गेम जो प्रश्न विचारतच नाही, त्याच्या उत्तराचे पॉइंट विकणं म्हणजे आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत बंद पडलेल्या पाळण्याचं तिकीट फाडण्यासारखं आहे.

ही बारा गुणांची यादी आली कुठून ते मला ठाऊक आहे, कारण एके काळी माझीही अशीच होती. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. कागद, पेन्सिल आणि फासे. त्यात सहा गुण होते: ताकद, बुद्धी, शहाणपण, शरीराचा कणखरपणा, चपळाई आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव. प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे. बेरीज ३ ते १८, चारातून एकदा १० किंवा ११ येणार, आणि १८ यायची शक्यता २१६ मध्ये एक. ही पद्धत टेबलाभोवती बसून खेळायची होती, आणि तिथे एक माणूस गेम चालवायला बसलेला असायचा. तुझं पात्र ताकदीत कच्चं आणि बोलण्यात पक्कं निघालं, तर तो माणूस ऐनवेळी तुझ्यासाठी बोलण्याचा प्रसंग उभा करायचा. कम्प्युटरवर तो माणूस नसतो. तू आधी जे लिहून ठेवलंस तेवढंच. म्हणून टेबलावर सहा गुण सहज जगतात आणि कम्प्युटरवर त्यातले तीन उपाशी मरतात.

फाशांवरून आठवलं. १९९८ चा ‘बाल्डर्स गेट’ मी पहिल्यांदा खेळलो तो आपल्याकडच्याच एका सायबर कॅफेत. तासाला वीस रुपये. पात्र बनवायच्या पडद्यावर ‘पुन्हा फासे टाका’ असं बटण होतं, कितीही वेळा दाबता यायचं. मी पूर्ण एक तास ते बटण दाबत बसलो. ताकद १८ आली की कणखरपणा ९, कणखरपणा सुधारला की बाकीचं पडलं. शेवटी मनासारखं पात्र मिळालं, तेवढ्यात मालक म्हणाला, वेळ झाली. दुसऱ्या दिवशी गेलो तर मशीन पुसलेलं. चाळीस रुपये गेले आणि गेम अजून सुरूच झाला नव्हता. पण तेव्हा एक शिकलो, अर्थात खूप उशिरा कळलं की शिकलो: खेळणाऱ्याला फुकटात पुन्हा प्रयत्न करू दिलास, तर तो कंटाळा येईपर्यंत करतो आणि त्या कंटाळ्याचं खापर तुझ्या गेमवर फोडतो. त्याच मालिकेतला २०२३ चा तिसरा भाग पात्र बनवताना फासे ठेवतच नाही, २७ पॉइंट देतो. ८ वरून सुरुवात, पुढे चढत जाताना भाव वाढत जातो. १४ वरून १५ ला जायला दोन पॉइंट लागतात. हा वाढता भाव तू घे. तुझ्या गेममध्ये दहावा पॉइंट पहिल्याच भावात मिळतो, हेही एक कारण आहे सगळे एकाच पोत्यात जाण्याचं.

तिथून एक खोट मात्र उचलू नकोस. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून गुणातून १० वजा करून निम्मे करतात, वरचा अर्धा सोडून देतात आणि तो आकडा फाशात मिळवतात. म्हणजे १४ ला अधिक २ आणि १५ लाही अधिक २. विषम आकडा जवळजवळ मेलेला. खेळणाऱ्याने पॉइंट टाकला आणि काहीच बदललं नाही, ही भावना फार वाईट. जिथे एक पॉइंट घेतलास, तिथे त्याच दिवशी काहीतरी हललं पाहिजे.

आता चांगली उदाहरणं. १९९७ चा ‘फॉलआउट’ जरूर खेळ, दिसायला जुना वाटला तरी. सात गुण, प्रत्येक १ ते १० मध्ये. सगळे पाचवर असतात आणि वर पाच पॉइंट मिळतात, म्हणजे एकूण ४०. एकातून काढून दुसऱ्यात घालता येतं. आणि बुद्धी अगदी तळाला नेलीस, तर तुझं पात्र नीट बोलूच शकत नाही. समोरची माणसं वेगळं वागतात, संवाद बदलतात. कमी आकड्यालाही चव आहे, हे या गेमने माझ्या पिढीला दाखवलं. तू कमी ताकदीला काय दिलंस? फक्त हार. पण भाबडेपणाने फॉलआउटची आरती करू नकोस. त्यातही चपळाई जास्त घेतल्याशिवाय शहाणा माणूस खेळत नाही, कारण एका पाळीत किती हालचाली मिळणार ते चपळाईवर ठरतं, आणि लढाईत हालचाल म्हणजे सगळं. पहिल्या भागात व्यक्तिमत्त्वाचा गुण इतका पोकळ आहे की लोक तो बिनधास्त १ वर नेतात. सात गुणांचा गेम, पण पॉइंट वाटताना विचार चार-पाचांचाच होतो.

आणि ‘डायब्लो २’, साल २०००. ताकद, कसब, जीवनशक्ती, ऊर्जा. दर लेव्हलला, म्हणजे पात्र चढत जातं त्या प्रत्येक पायरीला, पाच पॉइंट. मी जादूगारीण घेतली आणि साधा विचार केला: जादू म्हणजे ऊर्जा. चाळीस लेव्हल ऊर्जेत ओतत गेलो. पुढे कळलं की हत्यार-चिलखत पेलण्यापुरती ताकद घ्यायची आणि बाकी सगळं जीवनशक्तीत टाकायचं, हा जाणत्यांचा जवळजवळ ठरलेला नियम होता. परत फिरायची सोय नव्हती. ती थेट २०१० च्या एका पॅचमध्ये, म्हणजे गेममधल्या नंतरच्या दुरुस्तीत, आली. नाव ‘ऊर्जा’, पडद्यावर जादूगारीण, आणि तरी ऊर्जेत पॉइंट घालणं चूक. याला मी डिझायनरचा खोटेपणा म्हणतो. गुणाचं नाव हे आश्वासन असतं.

पण आश्वासन नुसतं सगळ्यांना समान वाटून पाळता येत नाही, हेही सांगतो. २०१५ च्या ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’मध्ये त्याचा दिग्दर्शक जॉश सॉयरने ठरवून असा प्रयत्न केला की कुठलाच गुण कुठल्याच पात्राला फुकट जाऊ नये. तिथे ‘सामर्थ्य’ वाढवलं की तलवारीचा घाव वाढतो, आणि मंत्राचाही. हिशेब चोख. पण मग काडीपैलवान, पुस्तकी मांत्रिक कुठे गेला? जोरदार मंत्र हवा तर मांत्रिकही सामर्थ्यवान पाहिजे. बऱ्याच खेळणाऱ्यांना ते रुचलं नाही, मलाही नाही. सूत्र जिंकलं आणि चित्र हरलं. दोन्हींत निवडायची वेळ आली तर मी चित्राच्या बाजूने उभा राहीन. तू नवा आहेस, तुझ्याकडून सूत्र तसंही परिपूर्ण होणार नाही. चित्र तरी नीट असू दे.

तुझ्या गेमला सगळ्यात जवळचा म्हणशील तर २०१९ चा ‘डिस्को एलिझियम’. चार मूळ गुण, प्रत्येकाखाली सहा, अशी २४ कौशल्यं. हाणामारी जवळजवळ नाहीच, सगळं बोलण्यातून. ती कौशल्यं डोक्यातल्या आवाजांसारखी बोलतात, सल्ले देतात, आणि एखादं फार वाढवलंस तर तेच तुला खड्ड्यात घालतं. अपयशातूनही गोष्ट पुढे सरकते, बऱ्याचदा यशापेक्षा मजेदार. फासे दोन. हे दोन फाशांचं प्रकरण नीट समजून घे, कारण तुझ्या फाइलमध्ये तू नुसता १ ते १०० असा आकडा काढतोस. तसं केलं की प्रत्येक पॉइंटची किंमत सगळीकडे सारखी राहते. दोन फाशांत तसं नाही. बेरीज ८ किंवा जास्त हवी असेल तर ३६ पैकी १५ वेळा जमतं, म्हणजे साधारण ४२ टक्के. एका पॉइंटची मदत मिळाली की ७ पुरते, ३६ पैकी २१ वेळा, ५८ टक्के. एका पॉइंटने १६ टक्क्यांची उडी! तेच १२ हवे असतील तर ३६ पैकी एकदा, पॉइंट मिळाला तर तीनदा. म्हणजे मधल्या अवघड कामात कौशल्य निर्णायक, आणि अशक्यप्राय कामात थोडा दिलासा. माणसाच्या अंगातल्या कसबाचं वागणं मला तरी असंच दिसतं. शिवाय दोन फासे पडद्यावर दाखवता येतात. २००२ च्या ‘मोरोविंड’मध्ये तलवार समोरच्याच्या अंगातून आरपार गेलेली दिसायची आणि आत लपलेला फासा म्हणायचा, हुकली. डोळ्याला एक आणि हिशेबात दुसरं असं झालं की खेळणारा फाशाला नाही, तुला शिव्या देतो.

आता तुझ्या सोलापूरवर येऊ. बारापैकी आठ गुण काढून टाक. मी असतो तर चार ठेवले असते: पाय, जीभ, नजर, छाती. पाय म्हणजे धावणं, कुंपणावरून उडी, भोंगा व्हायच्या आत गिरणीच्या फाटकाशी पोहोचणं. जीभ म्हणजे बोलून सुटणं. नजर म्हणजे गर्दीत साध्या कपड्यातला पोलीस ओळखणं. छाती म्हणजे मार खाऊनही तोंड न उघडणं, रात्रभर न झोपता चालणं. हाणामारी कधी झालीच तर छातीवर भागव. प्रत्येकाला निदान दहा-दहा जागा गेममध्ये मिळाल्या पाहिजेत. माझा स्वतःचा नियम असा की सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या गुणाच्या निम्म्यानेही जो विचारला जात नाही, तो काढायचा किंवा दुसऱ्यात मिसळायचा.

आणि तुझ्या यादीत जे नाही आणि ज्याच्यावर मी अख्खा गेम उभा केला असता, ते म्हणजे भाषा. तू इथलाच ना? पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडून आलेल्यांची कानडी, बाजारात उर्दू-दखनी, आणि मराठी. पोराला घरची एक भाषा फुकट दे, दुसरी मोडकीतोडकी निवडू दे. तिसरी गेममध्ये कमवावी लागेल, कुणाच्या तरी अंगणात बसून. भाषा हा आकडा नाही, ती किल्ली आहे. पद्मशाली विणकराच्या आजीशी मराठीत बोलशील तर ती दार किलकिलं करेल. तेलुगूत एक वाक्य बोललास तर आत घेईल, आणि कदाचित कुणी सांगणार नाही ते सांगेल. मराठी-तेलुगू पोराने खेळलेला गेम आणि मराठी-उर्दू पोराने खेळलेला गेम वेगळा होईल, एकही टक्का न बदलता. पात्राच्या घडणीला लोक ‘बिल्ड’ म्हणतात तो हाच.

यातलं काय पुन्हा बदलता येईल, हेही विचारलंयस. आपल्याकडे यंत्रमागावर उभा ताणा एकदा भरला की सहज बदलत नाही, हजारो धागे पुन्हा ओवावे लागतात. पण जॅकार्डवर, म्हणजे मागाला लावलेल्या नक्षीच्या यंत्रावर, भोकं पाडलेले पुठ्ठे बदलले की त्याच ताण्यावर चादरीची नक्षी वेगळी निघते. घरची भाषा आणि चार गुणांची सुरुवात हा तुझा ताणा. तो बदलू देऊ नकोस. खेळताना शिकलेल्या युक्त्या म्हणजे नक्षी, त्या बदलू दे, पण काहीतरी किंमत घेऊन. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये शंभर सोन्याची नाणी दिली की अख्खं पात्र नव्याने मांडता येतं. शंभर तासांच्या गेमला ते योग्य आहे. तुझा गेम चार तासांचा. चूक झाली तर माणूस पुन्हा सुरू करेल, आणि केलाच पाहिजे.

चेहरा घडवायला तू ठेवलेल्या ४० स्लायडरबद्दल (सरकवून नाक-डोळे बदलायच्या पट्ट्या) एका ओळीत: काढून टाक. नाकाची लांबी मोजून कुणी चिठ्ठी घेत नाही. त्याऐवजी डोक्यावर काय आहे ते निवडू दे, आणि त्याला अर्थ दे. गांधी टोपी घातली तर गल्लीत दारं उघडतील आणि नाक्यावर अडवतील. टोपी खिशात घालून चाललं तर उलट. रूप बदलणं आणि गुण बदलणं ही दोन खाती तू वेगळी ठेवलीस, ती एकत्र कर.

‘धैर्य’ हा आकडा मात्र नक्की काढ. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. तुझ्या फाइलमध्ये या चौघांच्या नावापुढे धैर्य ९, धैर्य १० असं लिहिलंय. मला ते वाचून कसंतरी झालं. गेममध्ये ते दिसावेत, गर्दीत, लांबून, पण आकड्यांशिवाय. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जाऊन एकदा उभा राहा आणि मग ठरव, नऊ कुणाला देणार होतास. पोराचं धैर्य किती ते खेळणाऱ्याने प्रसंगात ठरवावं, सुरुवातीच्या पडद्यावर नाही.

त्या सुरुवातीच्या पडद्याबद्दलच शेवटचं. १९८५ मध्ये रिचर्ड गॅरियटच्या ‘अल्टिमा ४’ने आकडे विचारलेच नाहीत. एक जिप्सी बाई तुम्हाला पेचाचे प्रसंग सांगते, दोनातलं एक निवडायचं, आणि त्यावरून पात्र घडतं. तुला तसे तीन प्रसंग पुरतील. पहाटे नळावर भांडण चाललंय, तू काय करतोस? मास्तरांनी चुकीच्या पोराला मारलं, तू काय करतोस? बाप दोन दिवस कामावर गेला नाही, शेजारी विचारतायत, कुठल्या भाषेत उत्तर देतोस? तीन उत्तरांत चार गुण आणि दोन भाषा ठरतात, आणि खेळणाऱ्याला पॉइंट वाटल्यासारखं वाटतही नाही. हे प्रसंग लिहून झाले की ती ४० जागांची फाइल पुन्हा कर. उभ्या रांगेत जागा, आडव्या रांगेत पाय, जीभ, नजर, छाती आणि चार भाषा, जिथे जे लागतं तिथे खूण. मग त्याच नऊ मित्रांना दे. त्या ‘काय बे’ वाल्याला सगळ्यात आधी.

आणि लेव्हल किती ठेवू, असं विचारलं होतंस. एकही नको. काही दिवसांत पोरगं लेव्हल बारावर जात नाही, फक्त थकतं.